प्रदर्शन संपल्यावर भिंतींचं काय होतं? चक्राकार अर्थव्यवस्था आणि प्रदर्शनांची वास्तुरचना

रेखाटन

प्रदर्शनांच्या दालनांची रचना हे माझं काम. संग्रहालयांतली तात्पुरती प्रदर्शनं, व्यापारी मेळ्यांतले स्टॉल, अधूनमधून मोकळ्या जागेवरचं एखादं पॅव्हेलियन, म्हणजे प्रदर्शनापुरती उभारलेली इमारत. या कामातली एक गोष्ट मला फार छळते आणि तिच्यावर इथे नीट चर्चा व्हावी अशी इच्छा आहे.

घर बांधताना ते कधी पाडायचं हे कुणी ठरवत नाही. प्रदर्शनाच्या बाबतीत समाप्तीची तारीख उद्घाटनाच्या पत्रिकेवरच छापलेली असते. मेळा तीन-चार दिवसांचा, संग्रहालयातलं प्रदर्शन काही महिन्यांचं, जागतिक एक्स्पो साधारण सहा महिन्यांचा. त्यात लावलेलं प्लायवुड, ॲल्युमिनियम, काच, पोलाद मात्र कित्येक वर्षं टिकणारं. वापराचा काळ आणि वस्तूचं आयुष्य यांच्यात एवढी तफावत दुसऱ्या कुठल्याच बांधकामात नसेल. म्हणजे टाकाऊ काही उरू न देण्याचा विचार सगळ्यात आधी इथे रुजायला हवा होता. प्रत्यक्षात शेवटच्या संध्याकाळी पहारी निघतात आणि जे हाती येईल ते उखडून गाडीत भरलं जातं.

माझं मत असं आहे की प्रदर्शन चक्राकार आहे की नाही, म्हणजे त्यातला माल कचऱ्यात न जाता पुन्हा पुन्हा वापरात येतो की नाही, हे त्यात कोणता पदार्थ वापरला यावर फार थोडं ठरतं. खरा निर्णय दोन ठिकाणी होतो: तुकडे एकमेकांना कसे जोडले, आणि उतरवल्यावर ते कुणाच्या मालकीचे.

याचं मला माहीत असलेलं सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणजे 2017 साली नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला डच डिझाइन वीकसाठी उभारलेलं पीपल्स पॅव्हेलियन. ब्युरो एसएलए आणि ओव्हरट्रेडर्स डब्ल्यू या दोन संस्थांनी ते रचलं. जवळपास सगळं साहित्य उसनं आणलेलं होतं. लाकडी तुळया, काच, काँक्रीटचे तयार खांब, सगळं पुरवठादारांना जसंच्या तसं परत करायचं होतं. म्हणून एकाही तुळईला भोक पाडायचं नाही, स्क्रू नाही, गोंद नाही, करवत नाही अशी अट पडली. तुळया पट्ट्यांनी आवळून एकत्र बांधल्या. बाहेरचं आवरण शहरातल्याच लोकांनी जमा केलेल्या प्लास्टिकच्या कचऱ्यापासून बनवलेल्या फरश्यांचं होतं आणि नंतर त्या फरश्या लोकांनाच वाटल्या गेल्या. इथे आधी मालकी ठरली आणि मालकीने सांधा ठरवला.

तुमच्या कामात काय अडतं, काय जमतं, सविस्तर लिहा. सुतार, ठेकेदार, अभियंते, संग्रहालयवाले, सगळ्यांचं स्वागत.


नवी_पेन्सिल

मी वास्तुशास्त्राची विद्यार्थिनी आहे. आमच्या वर्गात चक्राकार म्हटलं की सगळे पुठ्ठा, बांबू किंवा मशरूमच्या विटा घेतात. पुनर्प्रक्रिया होणारा पदार्थ घेतला तर निम्मं काम झालं असंच आम्ही धरतो. ते चूक आहे का?


रेखाटन

चूक नाही, अपुरं आहे. 2000 सालचं हॅनोवरचं एक्स्पो बघा. तिथे दोन पॅव्हेलियन उभी होती, दोन्ही सुंदर, आणि ती शेजारी शेजारी ठेवून अभ्यासावीत अशी आहेत.

जपानचं पॅव्हेलियन शिगेरू बान यांनी फ्राय ओटो यांच्या सल्ल्याने पुनर्प्रक्रिया केलेल्या कागदाच्या नळ्यांचं केलं. पायासुद्धा काँक्रीटचा टाळून वाळूने भरलेल्या पेट्यांचा. उतरवल्यावर नळ्यांचा पुन्हा लगदा व्हावा हा हेतू. पण जर्मनीच्या अग्निसुरक्षा नियमांमुळे कागदाच्या छतावर पीव्हीसी प्लास्टिकचा थर चढवावा लागला, आणि नळ्यांच्या जोडीला लाकडी कमानीही आल्या.

स्वित्झर्लंडचं पॅव्हेलियन पीटर झुम्थोर यांचं. लाकडाच्या तुळया वखारीत वाळत घालतात तशा एकावर एक रचून भिंती केल्या. खिळा नाही, गोंद नाही, पोलादी सळया आणि स्प्रिंगांच्या ताणाने सगळं दाबून धरलेलं. लाकूड वाळेल, आकसेल, तरी स्प्रिंग ताण सांभाळणार. प्रदर्शन संपल्यावर तेच लाकूड वाळलेलं इमारती लाकूड म्हणून विकायचं, अशी ती योजना होती.

पहिल्यात वस्तू मोडून तिचा कच्चा माल होतो. दुसऱ्यात तुळई तुळईच राहते. चक्राकार अर्थव्यवस्थेच्या विचाराचे एक प्रवर्तक वॉल्टर स्टाहेल 1970 च्या दशकापासून हेच सांगत आले आहेत: जे मोडलेलं नाही ते दुरुस्त करू नका, दुरुस्त होणारं नव्याने घडवू नका, नव्याने घडवता येईल ते वितळवू नका. पुनर्प्रक्रिया ही त्या उतरंडीतली खालची पायरी आहे. प्रदर्शनवाले मात्र थेट तिच्यावरच उडी मारतात, कारण जाहिरातीच्या फलकावर तो शब्द चांगला दिसतो.


रंधा

कारखान्यातून लिहितोय. ताईंचा सांध्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य, पण सांधा कागदावर काढणं आणि तोच सांधा पाचव्यांदा घट्ट बसवणं यात फार अंतर आहे. म्हणून जरा तपशिलात जातो.

सगळ्यात जास्त कचरा होतो तो एमडीएफचा, म्हणजे लाकडाचे तंतू गोंदाने दाबून बनवलेल्या शीटचा. स्वस्त, सपाट, रंग छान घेतो, म्हणून सगळे तोच मागतात. पण एमडीएफच्या कडेत मारलेला स्क्रू एकदा काढला की दुसऱ्यांदा त्याच भोकात धरत नाही, भुसा बाहेर येतो. पाणी लागलं की कडा फुगते. फुगलेली कडा पुन्हा बसत नाही. म्हणजे पहिल्याच उभारणीत त्याचं आयुष्य जवळपास संपतं. चांगलं प्लायवुड थोडं महाग पडतं, पण त्यात आट्यांची धातूची पुंगळी बसवली आणि बोल्ट वापरला, की तोच बोल्ट कितीही वेळा काढा-घाला. लाकूड झिजत नाही, झिजला तर बोल्ट झिजतो आणि तो बदलता येतो.

दुसरं, मापं. शीट येते 2440 बाय 1220 मिलिमीटरची. डिझायनर भिंत काढतात 2700 उंच. का, तर दिसायला बरी वाटते. मग प्रत्येक पॅनलवर वरून एक पट्टी जोडायची, ती पट्टी दुसऱ्या शीटमधून कापायची, आणि उरलेले तुकडे कोपऱ्यात पडून राहतात. भिंत 2440 ठेवा किंवा खाली वेगळा पाया द्या. अखंड शीट अखंड राहिली तर तिला पुढचं काम मिळतं. कापलेल्या शीटला कुणी विचारत नाही.

तिसरं, आणि हे मला मनापासून सांगायचंय: सांध्यावर पुट्टी लावू नका. डिझायनरला अखंड पांढरी भिंत हवी असते, म्हणून दोन पॅनलमधली फट आम्ही पुट्टीने भरतो, घासतो, रंग मारतो. उतरवताना ती पुट्टी फोडावीच लागते आणि फोडताना कडा जातात. त्यापेक्षा दोन पॅनलमध्ये आठ-दहा मिलिमीटरची मुद्दाम सोडलेली फट ठेवा. सावलीची सरळ रेघ पडते, नीटनेटकी दिसते आणि पॅनल सहज सुटतं.

प्रत्येक पॅनलच्या पाठीवर नंबर, वरची बाजू कुठली त्याचा बाण, आणि बोल्टचा आकार एवढं कोरून ठेवतो आम्ही. स्टिकर लावला तर गोदामात निघून जातो.


पडद्यामागे

रंधा, काय सुंदर लिहिलंत.

मी आयोजकांच्या बाजूने मोठमोठी प्रदर्शनं सांभाळतो. कितीही छान बोल्ट लावा, ते सोडवायला वेळ मिळाला पाहिजे. उभारणीला तीन दिवस मिळतात आणि उतरवायला एक रात्र, कारण सभागृह दुसऱ्या दिवशी पुढच्या आयोजकाला दिलेलं असतं. रात्री दहाला शेवटचा प्रेक्षक बाहेर पडतो, सकाळी आठला जागा मोकळी हवी. अशा वेळी माणूस पाना शोधत बसत नाही, हातोडा उचलतो. मी त्या माणसाला दोष देत नाही. वेळापत्रक बनवणाऱ्याने तो हातोडा त्याच्या हातात दिलेला असतो.

म्हणून मी करारात आता उतरवणीचे तास वेगळे लिहून घेतो आणि त्यांचे पैसे वेगळे दाखवतो. एकरकमी करारात उतरवणी आली की ठेकेदाराचा फायदा ती लवकर संपवण्यात असतो. वेगळी दाखवली की त्याला नीट काढण्याचे पैसे मिळतात.

मालकीबद्दल रेखाटन जे म्हणतात ते मेळ्यांत आधीपासून अर्धवट रूपात आहे. अष्टकोनी ॲल्युमिनियमचे खांब आणि मधल्या पॅनलांची जी ठरावीक पद्धत सगळीकडे दिसते, ती भाड्यानेच येते आणि वर्षानुवर्षं फिरते. खांब ज्याचा, त्याला तो सरळ राहावा असं वाटतं, म्हणून तो जपतो. कचरा होतो तो त्या सांगाड्यावर चढवलेल्या मालाचा: चिकटवलेले पीव्हीसीचे छापील पडदे, फोमचे बोर्ड, आणि जमिनीवरचा गालिचा. पॉलिप्रॉपिलीनचा तो पातळ गालिचा दुहेरी चिकटपट्टीने चिकटवतात आणि उचलताना चिकटपट्टीसकट फेकतात. खूपदा तो घालायची गरजच नसते. जमीन चांगली असेल तर ती तशीच राहू द्या.

कापडी छपाईने इथे बराच फरक पडलाय. ॲल्युमिनियमची चौकट तीच, कडेला रबराची पट्टी शिवलेलं पॉलिएस्टरचं कापड चौकटीच्या खाचेत दाबून बसवायचं. कापड घडी घालून नेता येतं. पण दर वेळी नवं कापड छापलं तर सांगाडा चक्राकार आणि कातडी एकदाच वापरायची, अशी गत होते. म्हणून आम्ही तारीख आणि वर्ष मुख्य कापडावर छापतच नाही, ते छोट्या वेगळ्या पाटीवर ठेवतो.


नवी_पेन्सिल

तारीख वेगळ्या पाटीवर! हे कधीच डोक्यात आलं नसतं.


भारवाहक

रचना अभियंता आहे. मी थोडी अडचणीची बाजू मांडतो, कारण उत्साहात ती राहून जाते.

नवी तुळई घेतली की तिच्याबरोबर ताकदीचा दाखला येतो. जुनी तुळई घेतली की मला विचारलं जातं, ही आधी कुठे होती, तिच्यावर किती भार पडला, कुठे भोकं पाडली. उत्तर नसेल तर मी सही करू शकत नाही. गर्दी ज्या रचनेखालून जाणार तिथे अंदाज चालत नाही. पोलादाचं त्यातल्या त्यात सोपं आहे, नमुना कापून चाचणी करता येते. लंडनच्या 2012 च्या ऑलिंपिक स्टेडियमच्या छताच्या कड्यात गॅसवाहिनीसाठी बनवलेले आणि शिल्लक राहिलेले पाइप वापरले होते. ते शक्य झालं कारण त्या पाइपांची माहिती उपलब्ध होती आणि तपासता आली. अज्ञात भंगार उचलून ते झालं नसतं.

आगीचंही तेच. युरोपात भिंतीच्या पदार्थांना वर्ग दिले जातात, उदाहरणार्थ बी-एस1,डी0. बी म्हणजे आगीत फार कमी भर घालणारा, एस1 म्हणजे धूर कमी, डी0 म्हणजे जळते थेंब गळत नाहीत. अग्निरोधक लेप दिलेलं पॅनल कापलं, घासलं किंवा वर दुसरा रंग चढवला तर तो दाखला त्या पॅनलला लागू राहत नाही. म्हणून रंधा पॅनलच्या पाठीवर जो नंबर कोरतात, त्या नंबराशी दाखला जोडलेला हवा. कधी लेप दिला, कधी कापलं, सगळं. युरोपात यालाच बांधकामाचा पदार्थ-पासपोर्ट म्हणतात आणि नेदरलँड्समधली मडास्टर ही नोंदवही 2017 पासून त्यावरच चालते. प्रदर्शनासाठी एवढी मोठी यंत्रणा लागत नाही. एक तक्ता पुरतो, पण तो भरणारा माणूस ठरलेला हवा.

आणि पाया. मोकळ्या जागेवरच्या पॅव्हेलियनमध्ये वरचं सगळं हलकं, सुटं, सुंदर असतं आणि खाली जमिनीत काँक्रीट ओतलेलं असतं. लंडनच्या सर्पेंटाइन कलादालनात 2000 पासून जवळपास दर उन्हाळ्यात पॅव्हेलियन उभं राहतं आणि पुढे ती विकली जातात. वास्तुरचनाकार ब्यार्के इंगेल्स यांच्या संस्थेचं 2016 चं पॅव्हेलियन टोरांटोला पुन्हा उभं राहिलं. पण 2021 च्या पॅव्हेलियनच्या काँक्रीटच्या पायावरून बरीच टीका झाली होती आणि ती टीका मला योग्य वाटते. पाण्याच्या टाक्या, वाळूच्या पेट्या, तयार काँक्रीटचे ठोकळे, यांच्या वजनानेही वाऱ्याला तोंड देता येतं. पसारा वाढतो, पायाशी जागा जाते, डिझायनर नाराज होतात. होऊ देत.


रेखाटन

भारवाहक, मी नाराज नाही :) पायाशी येणारं ते वजन बसायच्या बाकांच्या रूपात आणता येतं, मग ते लपवावं लागत नाही.


कपाट_क्र_४

आमच्याकडे एक जुनी गोष्ट कायम सांगितली जाते, ती इथे शोभेल. 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनाचा क्रिस्टल पॅलेस. जोसेफ पॅक्सटन हा मूळचा माळीकाम करणारा माणूस. त्याने इमारतीची सगळी मापं काचेच्या तावाच्या मापावरून ठरवली, तो ताव 49 इंच लांब आणि 10 इंच रुंद होता. खांब, तुळया, पन्हळी, सगळं ठरावीक साच्याचं आणि सुटं. प्रदर्शन संपल्यावर ती इमारत हाइड पार्कमधून उतरवली आणि वाढवून सिडनहॅमला 1854 मध्ये पुन्हा उघडली. 1936 मध्ये आगीत जाईपर्यंत ती उभी होती. रंधा जे शीटच्या मापाबद्दल म्हणतायत ते या क्षेत्राच्या पहिल्याच मोठ्या इमारतीत होतं.


रंधा

वा! पॅक्सटनचं मला ठाऊक नव्हतं. काचेवरून अख्खी इमारत.


जतन_विभाग

मी संग्रहालयात वस्तूंच्या जतनाचं काम करते. हा धागा वाचताना आनंद होतोय, पण आमच्या दालनात जुनं लाकूड आणायला मी बऱ्याचदा विरोध करते, त्यामागचं कारण सांगते.

बंद काचपेटीत वस्तू ठेवली की पेटीच्या पदार्थातून निघणाऱ्या वाफा आतच कोंडतात. ओकच्या लाकडातून ॲसिटिक आम्ल निघतं आणि शिसं त्याने पांढरं पडून गंजतं. एमडीएफमधल्या यूरिया-फॉर्मल्डिहाइडच्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड निघतं, त्याचं पुढे फॉर्मिक आम्ल होतं. नाणी, शिशाच्या मुद्रा, शंख-शिंपले, सगळ्यांना हे घातक. लाकूड जुनं झालं म्हणून निरुपद्रवी होत नाही. उलट जुन्या लाकडावर आधी कोणता रंग, कोणतं कीटकनाशक, कोणता गोंद चढला हे कळत नाही.

म्हणून आमच्याकडे ऑडी चाचणी असते. ब्रिटिश म्युझियममधल्या अँड्र्यू ऑडी यांनी 1973 मध्ये ती मांडली. पदार्थाचा तुकडा आणि चांदी, तांबं, शिसं यांच्या पट्ट्या थोड्या पाण्याबरोबर काचेच्या बंद नळीत ठेवायच्या, 60 अंश सेल्सियसला 28 दिवस. नंतर पट्ट्या काळवंडल्या की गंजल्या ते पाहायचं. म्हणजे एखादं उसनं पॅनल शेवटच्या आठवड्यात आणलं तर चाचणीला वेळच उरत नाही. पुनर्वापराचं नियोजन नव्या मालापेक्षा खूप आधी सुरू करावं लागतं, हे कुणी सांगत नाही.

यातून मार्ग आहेत. पेटीच्या आतली बाजू आणि बाहेरची बाजू वेगळी धरा. आत काच, पावडरचा लेप नीट भाजलेला धातू, ॲक्रिलिक. बाहेरच्या बैठकीला, भिंतींना, बाकांना काय हवं ते जुनं वापरा, कारण तिथे हवा खेळती असते. लाकूड आत आणावंच लागलं तर ॲल्युमिनियमचा थर असलेल्या आवरणात ते पूर्ण बंद करतो. आणि सगळ्यात मोठी बचत काचपेट्यांच्याच पुनर्वापरात आहे. चांगली काचपेटी दशकानुदशकं चालते. तिच्या मापाभोवती प्रदर्शन बेतलं तर नव्या पेट्या बनवाव्या लागत नाहीत. आमच्या इथे डिझायनरला पहिल्या बैठकीतच उपलब्ध पेट्यांची यादी देतो.

आणखी एक. भिंती-पेट्यांवर आपण बोलतोय, पण संग्रहालयात हवेच्या नियंत्रणावर प्रचंड वीज जाते. मोठ्या संग्रहालयांच्या बिझो गटाने आपल्या हरित नियमावलीत बऱ्याच वस्तूंसाठी 16 ते 25 अंश तापमान आणि 40 ते 60 टक्के सापेक्ष आर्द्रता एवढा सैल पट्टा मान्य केलाय. नाजूक वस्तू असेल तर अख्ख्या दालनाची हवा न आवळता तिची छोटी पेटीच काटेकोर ठेवायची. रचनाकारांनी हा भाग यांत्रिक अभियंत्यांवर सोडून देऊ नये.


रंधा

जतन_विभाग, एक शंका. प्लायवुडच्या पॅनलवर आम्ही पाण्याचा ॲक्रिलिक रंग मारतो. रंग सुकला की दुसऱ्या दिवशी वस्तू मांडतात. ते चालतं का?


जतन_विभाग

मोकळ्या दालनात बहुतेक वेळा अडचण येत नाही, पण वास येत असेल तर अजून वाफा निघतायत असं समजा. पेटीच्या आत मात्र काही आठवडे तरी मोकळी हवा लागू द्यावी लागते. तुम्ही पॅनल लवकर तयार करून दिलंत तर आमचं अर्धं काम होईल. जुन्या पॅनलचा इथे फायदाच आहे: रंगवून वर्ष झालेलं पॅनल नव्या रंगापेक्षा शांत असतं. फक्त त्यावर काय मारलंय ते लिहिलेलं हवं.


बोलकी_भिंत

मी प्रदर्शनं योजते, म्हणजे विषय, वस्तू आणि मजकूर माझ्याकडे. माझी अडचण वेगळ्या जातीची आहे. प्रत्येक प्रदर्शनाला आपला चेहरा हवा असतो. त्याच भिंती, त्याच पेट्या पुन्हा दिसल्या तर प्रेक्षकांना आणि त्याहून जास्त वरिष्ठांना वाटतं की यावेळी काही केलंच नाही.

त्यावर मला व्हेनिसने उत्तर दिलं. तिथे बिएनाले नावाचं मोठं प्रदर्शन भरतं, एका वर्षी कलेचं, पुढच्या वर्षी वास्तुरचनेचं. 2016 च्या वास्तुरचना बिएनालेत अलेहांद्रो अरावेना यांनी प्रवेशाची दालनं आदल्या वर्षीच्या कला बिएनालेच्या उरलेल्या मालातून केली. सुमारे 10,000 चौरस मीटर जिप्सम बोर्ड आणि 14 किलोमीटर धातूच्या पट्ट्या. बोर्डाचे तुकडे थरावर थर रचलेले, वरून पट्ट्या लोंबणाऱ्या. आत पाऊल टाकताच आधीचं प्रदर्शन केवढं टाकून गेलं ते डोळ्यांपुढे उभं. पुढे 2023 मध्ये जर्मनीच्या पॅव्हेलियनने आदल्या वर्षीच्या कला बिएनालेतल्या 40 हून अधिक देशांच्या पॅव्हेलियनमधला उरलेला माल गोळा केला, आत नीट लावून ठेवला, त्याच्या नोंदी केल्या आणि तिथल्याच कार्यशाळेत तो शहरातल्या दुरुस्त्यांसाठी वापरायला दिला. मला दुसरं उदाहरण अधिक मोलाचं वाटतं. पहिल्यात कचऱ्याचं दर्शन होतं, दुसऱ्यात कचऱ्याला पत्ता मिळाला.

एक भीतीही बोलून दाखवते. कच्चं प्लायवुड, मचाणाचे पाइप, मोडक्या कडा, ही आता एक शैली झालीय. नवं कोरं प्लायवुड मुद्दाम न रंगवता लावायचं आणि त्याला शाश्वत म्हणायचं. प्रेक्षकाला फरक कळत नाही. म्हणून मी पाटीवर लिहिते: ही भिंत कुठून आली आणि इथून कुठे जाणार. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नसेल तर पाटी लावत नाही.


कोरडी_विहीर

चर्चा उत्तम, पण हलवण्याचा खर्च कुणी मांडला नाही. 2015 च्या मिलान एक्स्पोतलं बहारीनचं पॅव्हेलियन तयार काँक्रीटच्या पांढऱ्या फलकांचं होतं आणि ते समुद्रमार्गे बहारीनला नेऊन पुन्हा उभारायचं हे आधीच ठरलेलं होतं. काँक्रीट वाहून नेण्यात इंधन जाळायचं आणि त्याला चक्राकार म्हणायचं? ओसाकाच्या 2025 च्या एक्स्पोत सू फुजिमोतो यांनी जवळपास दोन किलोमीटर परिघाचं लाकडी कडं उभारलं. अप्रतिम काम, पण संपल्यावर त्या लाकडाचं काय करायचं यावर वाद होत राहिला. पुनर्वापर करता येईल आणि पुनर्वापर होईल, यात फरक आहे.


भारवाहक

कोरडी_विहीर, शेवटचं वाक्य मी माझ्या टेबलावर लावणार आहे. वाहतुकीबद्दल थोडी भर. जहाजाने एक टन माल एक किलोमीटर नेण्याचं उत्सर्जन ट्रकच्या तुलनेत बरंच कमी असतं आणि विमानाच्या पुढे तर नगण्य. तेव्हा अंतराइतकंच वाहन महत्त्वाचं. व्यापारी मेळ्यांत उशीर झाला म्हणून सामान विमानाने पाठवतात, तिथे आधी हात घालायला हवा. शिवाय बहारीनचं पॅव्हेलियन एकदाच, कायमच्या जागी गेलं. दर दोन महिन्यांनी फिरणाऱ्या प्रदर्शनाचा हिशोब निराळा आहे, तिथे वजन कमी करण्याला पर्याय नाही.


रेखाटन

फिरत्या प्रदर्शनाचं उत्तर बान यांच्याच नोमॅडिक म्युझियममध्ये थोडंफार सापडतं. 2005 मध्ये न्यूयॉर्कला 148 मालवाहू कंटेनर रचून त्याच्या भिंती केल्या, आणि पुढे ते सँटा मोनिका आणि टोकियोला गेलं. कंटेनर जगभर एकाच मापाचे. म्हणून सगळे वाहून न्यायची गरज नव्हती, पुढच्या ठिकाणी स्थानिक कंटेनर भाड्याने घेता येतात, आणि प्रवास करायचा तो खास भागांनी. जे सगळीकडे मिळतं ते तिथेच घ्या, जे मिळत नाही तेवढंच बरोबर न्या. हे तत्त्व छोट्या प्रदर्शनालाही लागतं. सहा गावांना जाणाऱ्या प्रदर्शनात मी हल्ली भिंती पाठवतच नाही, फक्त सांधे, दिवे आणि छापील कापडं पाठवते. शीट तिथे उसनी घेतात आणि परत करतात.

ओसाकाच्या कड्याबद्दल पूर्ण सहमत. लाकडात लाकूड गुंफायची जपानची जुनी पद्धत त्यात आहे, म्हणजे सुटं करणं तांत्रिकदृष्ट्या कल्पनेतच होतं. पण पुढचा घेणारा आधी ठरलेला नसेल तर सांधा एकटा काही करू शकत नाही. इथे मला झुम्थोरपेक्षा आइंडहोवन पुढचं वाटतं. झुम्थोर यांनी लाकूड विकण्याजोगं ठेवलं. आइंडहोवनमध्ये ते मुळात दुसऱ्याचंच होतं, त्यामुळे त्याला परतीचा रस्ता पहिल्या दिवसापासून होता.


पडद्यामागे

गोदामाचा प्रश्न अजून कुणी घेतला नाही. जपून काढलेलं पॅनल ठेवायचं कुठे? सहा महिने पडून राहिलं की भाडं पॅनलच्या किमतीच्या वर जातं आणि मग तेच पॅनल भंगारात जातं, फक्त उशिरा. मला दिसणारा मार्ग एकच, चार-पाच आयोजकांनी मिळून एक गोदाम आणि एक यादी ठेवायची. एकाची उतरवणी आणि दुसऱ्याची उभारणी जवळ आली की माल गोदामाचं दारही बघत नाही, थेट सभागृहातून सभागृहात जातो. त्यासाठी उतरवणीच्या तारखा आधी एकमेकांना कळवायला हव्यात. स्पर्धक असल्याने ते फारसं होत नाही.


बोलकी_भिंत

संग्रहालयांमध्ये स्पर्धा कमी असते. तिथून सुरुवात होऊ शकेल. जतन_विभाग, तुमची पेट्यांची यादी दुसऱ्या संग्रहालयांना दाखवायला हरकत आहे का?


जतन_विभाग

यादी दाखवायला अडचण नाही. पेटी उसनी देताना कुलूप आणि सुरक्षेचा प्रश्न येतो, किल्ल्यांचे संच बदलावे लागतात. वरिष्ठांशी बोलून कळवते.


नवी_पेन्सिल

मला पुढच्या सत्रात एका छोट्या प्रदर्शनाचं पॅव्हेलियन सादर करायचंय. वरचं सगळं वाचून मी ठरवलं की उभारणीच्या नकाशांबरोबर उतरवणीचेही नकाशे काढायचे. त्यात नेमकं काय दाखवू?


रेखाटन

क्रम दाखव. कुठला तुकडा आधी सुटतो, त्याला किती माणसं लागतात, कुठलं हत्यार लागतं. वास्तुरचनाकार फ्रँक डफी यांनी कार्यालयांबद्दल मांडलेली थरांची कल्पना इथे उपयोगी पडते: सांगाडा, वीज-हवा, आतल्या भिंती आणि फर्निचर यांची आयुष्यं वेगवेगळी असतात. जे लवकर बदलतं ते जास्त टिकणाऱ्यात गाडलेलं नको. मजकुराची पाटी बदलण्यासाठी भिंत उघडावी लागत असेल, किंवा दिव्याची वायर काढताना पॅनल फुटत असेल, तर नकाशा तिथे अडकेल आणि तुला लगेच कळेल. प्रत्येक तुकड्यापुढे तो कुठून आला, कुणाचा आहे आणि कुणाकडे जाणार हेही लिही. घेणाऱ्याचं नाव कोरं राहिलं तर तेवढा भाग पुन्हा रच.


रंधा

माझी भर. सगळ्या बोल्टांना एकच माप ठेव, म्हणजे रात्री बाराला एक पाना पुरतो. कोपऱ्यांना धातूच्या टोप्या दे, कारण गाडीत चढवताना पहिला मार कोपऱ्याला बसतो. पॅनल दोन माणसांनी उचलता येईल एवढंच कर, जड झालं की लोक ते ओढतात आणि खालची कडा जाते. जोडणीची भोकं सगळ्या पॅनलला एकाच अंतरावर पाड, मग कुठलंही पॅनल कुठेही बसतं आणि एक खराब झालं तर दुसरं चालतं. आणि खिळे-बोल्टांची पेटी शेवटच्या गाडीत पाठव. पहिल्या गाडीत गेली की उरलेलं काढताना सापडत नाही.


नवी_पेन्सिल

सगळं लिहून घेतलं. सादरीकरण झालं की नकाशे इथे टाकेन, कृपया चुका काढा.


भारवाहक

पायाचा तपशील टाकायला विसरू नका. वाऱ्याचा भार कुठला धरलात तेही लिहा, मी तपासून देईन.